पाळणा वापरात आहे

आत्याला 'आत्या' म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली, ते आता कोणालाच सांगता येत नाही. भाचरं म्हणायचीच, पण पोस्टमनही म्हणायचा, गल्लीतला बूट शिवणारा म्हणायचा, आणि कोपऱ्यावरचे वाकलेले आजोबासुद्धा म्हणायचे. एकदा ती त्यांना म्हणाली, "आजोबा, मी खरंच तुमची आत्या असते ना, तर देवानं मला केव्हाच बोलावून घेतलं असतं." आजोबा म्हणाले, "तू गेली असतीस होय? देवाशीच भांडत बसली असतीस!"

खोटं नव्हतं ते. आत्याची देवावर श्रद्धा मोठी. सकाळी उठल्याबरोबर हात जोडल्याशिवाय ती चहाला आधण ठेवायची नाही. पण तिची प्रार्थना म्हणजे मागणं कमी आणि जाब विचारणं जास्त. "देव सगळं ऐकतो," ती म्हणायची, "फक्त त्याला जरा उशिरा ऐकू येतं. म्हणून मोठ्यानं बोलावं."

तिची माणसं एका पिढीपूर्वी डोंगरावरून उतरून वीटभट्टीच्या कामाला या शहरात आलेली. शहरातले लोक त्यांना 'वरचे' म्हणायचे. म्हणायचे 'वरचे', पण सूर असा लावायचे की ऐकणाऱ्याला 'खालचे' ऐकू यावं. आत्यानं उमेदीची सगळी वर्षं एका लॉन्ड्रीत इस्त्री करण्यात घालवली. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांच्या खुणा. लॉन्ड्री बंद पडली तेव्हा मालकानं वरच्या दोन खोल्या स्वस्तात भाड्यानं दिल्या, त्या आत्याच्या दिराला. हे दीर शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी त्या खोल्यांत आपल्या लोकांच्या कलेचं संग्रहालय काढलं.

मास्तर म्हणजे सरळ, सज्जन, आणि हट्टाला पेटलेला माणूस. घरोघर फिरून त्यांनी विणलेले पट्टे, मण्यांचे गळपट्टे, कोरीव चमचे, लाकडी मुखवटे गोळा केले. प्रत्येक वस्तूखाली सुरेख अक्षरात चिठ्ठी लावली. दारावर पाटी लावली. आणि खुर्ची टाकून वाट बघत बसले.

कोणी येईना. आपली माणसं म्हणायची, "जी अडगळ आमच्या माळ्यावर आहे, ती बघायला तुमचा जिना कशाला चढू?" शहरातले यायचे, पण त्यांच्या डोक्यात अजून लॉन्ड्रीच. एक गृहस्थ हातात कोट घेऊन थेट वर आले आणि मुखवट्यांसमोर उभे राहून म्हणाले, "अर्जंट आहे, संध्याकाळपर्यंत मिळेल का?"

मास्तरांचा चेहरा पडला. आत्या झाडलोट करत होती. ती म्हणाली, "संध्याकाळ कशाला? आत्ता देते. तोवर जरा हिंडून बघा." आतल्या खोलीतली जुनी इस्त्री तिनं तापवली, आणि कोट चांगला रेंगाळत रेंगाळत केला. गृहस्थ कंटाळून चिठ्ठ्या वाचू लागले. पुढच्या आठवड्यात ते बायकोला घेऊन आले. कोट न आणता.

मास्तर म्हणाले, "वहिनी, संग्रहालयात इस्त्री करत नाहीत."

"आणि रिकाम्या खोलीला संग्रहालय म्हणत नाहीत, भाऊजी."

या संग्रहालयाचा जीव की प्राण म्हणजे एक पाळणा. टांगायचा नव्हे, जमिनीवर डुलणारा. खाली दोन बाकदार लाकडं, अंगभर कोरलेली पानं, आणि उशाच्या फळीवर पक्ष्यांची जोडी. भाजीवाल्या काकूंनी तो दिला होता, त्यांच्या खापरपणजोबांनी डोंगरावर केलेला. देऊन दीड-दोन वर्षं झाली असतील, एक दिवस काकू पायऱ्या चढून वर आल्या.

"मास्तर, पाळणा द्या. लेकीला मुलगा झाला."

मास्तर उठून उभे राहिले. "अहो काकू, असं कसं? दाखल झालेली वस्तू बाहेर जात नाही. नियम आहे."

"देताना तुम्ही काय म्हणालात? 'जपून ठेवतो.' म्हणालात ना?"

"मग जपलाय की!"

"जपून ठेवलेलं वेळेला मिळत नसेल, तर त्याला हरवलं म्हणतात," काकू म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या.

मास्तर दुपारी जेवायला गेले आणि आत्यानं काकूंना निरोप धाडला. पाळणा गेला. मास्तर परत आले तर जागा मोकळी. दीर-भावजयीत जे काय जुंपलं, त्यासाठी खाली गल्लीत बुटवाल्यानं हातोडी बाजूला ठेवली, नीट ऐकू यावं म्हणून.

पण बाळ बसतं झालं आणि पाळणा परत आला. पुसून, तेल लावून आला. आणि त्यात एक रंगवलेली पेटी होती, काकूंच्या आजीची. "हीपण ठेवा," काकू म्हणाल्या. "लागली की नेईन."

मग काय, बांध फुटल्यासारखं झालं. दिली म्हणजे गेली असं नाही, हे एकदा लोकांना कळल्यावर माळ्यावरच्या वस्तू आपल्या पायांनी चालत आल्या. लग्नाचा गळपट्टा लग्नापुरता जायचा आणि परत यायचा. बाहेर त्याला 'उसनं संग्रहालय' असं नाव पडलं. आधी चेष्टेनं, मग सवयीनं, आणि मग जरा मानानं. कॉलेजची मुलं येऊ लागली, वर्तमानपत्रात फोटो आला. मास्तर पाहुण्यांना सांगताना 'आमची उसन्याची पद्धत' असं म्हणायचे, जणू ती त्यांनीच काढली. आत्या पदरात तोंड लपवून हसायची.

इथवर सगळं गोड होतं.

मग राजधानीच्या मोठ्या संग्रहालयातून एक बाई आल्या. तिथल्या प्रमुखच त्या. खिशात छोटी बॅटरी, आणि दिसेल त्या वस्तूच्या पोटात ती मारून बघायची सवय. बुटवाल्यानं लगेच त्यांचं नाव ठेवलं 'बॅटरीवाली'. बाई पाळण्यापाशी आल्या, गुडघ्यांवर बसल्या, खालून वरून उजेड टाकला, आणि पुन्हा पहिल्यापासून टाकला.

"असा दुसरा मी कुठे पाहिला नाही," शेवटी त्या म्हणाल्या. मग एका बाकदार लाकडावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे बारीक चीर आहे. वापरात राहिला तर फुटेल."

त्यांच्याकडे देशभरच्या कलेचं मोठं प्रदर्शन होतं. मधल्या दालनात, अगदी समोर, पाळणा ठेवायचा. खाली संग्रहालयाचं नाव, मास्तरांचं नाव. शिवाय इथल्या गळक्या छपराच्या दुरुस्तीचा सगळा खर्च त्या मंजूर करवून घेणार. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. डोळे पुसत होते.

"न्यायचा कधी?" आत्यानं विचारलं.

बाईंनी महिना सांगितला.

"मग नाही जमायचं," आत्या म्हणाली. "त्या महिन्यात तो टॅक्सीवाल्याच्या बायकोला दिलाय."

टॅक्सीवाला आपल्या लोकांतला, पण त्याची बायको शहरातली. सासूनं तिला अजून मनापासून आपलं म्हटलेलं नव्हतं. पहिल्या खेपेला तिनं सगळी तयारी केली होती. टोपडी, दुपटी, भिंतीला नवा रंग. आणि दवाखान्यातून ती रिकाम्या हातांनी घरी आली. आता पुन्हा दिवस भरत आले होते, पण घरात बाळाच्या नावानं एक सूत आणलं नव्हतं तिनं. फक्त एक दिवस वर आली, पाळण्याजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आत्या, यात झोपलेलं एकही मूल गेलं नाही म्हणतात. खरं का?"

आत्याला खरं ठाऊक होतं. जुन्या काळी गेलीही असतील, कोण सांगणार? ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "ते देवाला माहीत. पण पाळणा तुला देते. शब्द."

तेवढा एकच शब्द धरून ती पोर जगत होती.

हे मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, मी तिला नवाकोरा पाळणा घेऊन देतो. माझ्या पैशानं."

"तिनं नवा मागितलाय का?"

बॅटरीवाल्या बाई मधे पडल्या. त्यांचा आवाज शांत होता. "तिला काय वाटत असेल ते मला समजतं. पण ही वस्तू एका घराची नाही. फुटली तर कोणाचीच राहणार नाही."

"एका घराची नाही, म्हणूनच ती कुठल्याही घरात जाऊ शकते," आत्या म्हणाली.

कमिटी बसली. कमिटी म्हणजे घरातली आणि गल्लीतली दहा-बारा डोकी. कोणीतरी म्हणालं, "आणि ती पोरगी आपली तरी कुठेय?" आत्या ताडकन उठली. "आपली नाही? तिच्या पोटातलं कोणाचं आहे मग, पोस्टमनचं?" पोस्टमन कमिटीवर होता. तो बिचारा घाबरून म्हणाला, "आत्या, माझं नाव कशाला?" हशा पिकला, पण हात मात्र पटापट वर गेले. पाळणा पाठवावा. सगळ्यांचं एकमत. आत्यानं वळून बघितलं तर तिच्या शेजारी तिच्या नवऱ्याचाही हात वर.

"अहो! तुम्ही हात वर केलात?"

"काखेत खाज आली होती," नवरा म्हणाला आणि हात हळूच खाली घेऊन तिथे खाजवू लागला.

आत्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "बरं. मी चोरून काही करत नाही. मागे एकदा भाऊजी जेवायला गेले असताना केलं होतं, ते पुन्हा नाही. उद्या सकाळी नाश्ता झाला की मी येणार आणि पाळणा घेऊन जाणार. ज्याला अडवायचं असेल त्यानं दारात उभं राहावं. धक्काबुक्की माझ्या हातून होणार नाही, पण मागेही मी फिरणार नाही."

घरी गेल्यावर तिनं देवापुढे हात जोडले. "तू शब्द फिरवत नाहीस असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "मग मला का फिरवायला लावतोस?" देवानं उत्तर दिलं नाही. नवऱ्यानं दिलं. पाठीमागून तो म्हणाला, "एकटीला नाही झेपायचा तो. दुसऱ्या टोकाला मी धरेन."

"आणि हात वर केलात तो?"

"दोन आहेत ना मला."

सकाळी दोघं गेली तर दारात हात आडवे लावून मास्तर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. आत्याच्याच हातची, आदल्या आठवड्यात करून दिलेली. मागे पायऱ्यांवर निम्मी गल्ली.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "या दोन खोल्यांत माझं आयुष्य गेलं. लोक इथे कपडे द्यायला यायचे. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव मोठ्या घरात लागू दे की."

आत्याला हे सगळं ठाऊक होतं. हा माणूस काही वाईट नव्हे. याच्यासाठी तिनं वर्षानुवर्षं झाडलं, पुसलं, भांडलं. पण ती म्हणाली, "भाऊजी, आपलं नाव कशानं झालं? चिठ्ठ्यांनी? लोकांनी आजीच्या पेट्या आपल्याला कशाच्या भरवशावर दिल्या? वेळेला परत मिळेल या भरवशावर. आज मोठं घर आलं म्हणून त्या पोरीला नाही म्हटलं, तर उद्या ती काकू पेटी घेऊन जाईल, परवा गळपट्टे जातील. मग मोठ्या घरात नाव लागेल, आणि आपल्या घरात नुसत्या भिंती राहतील."

मास्तर हलले नाहीत. आत्या त्यांच्या काखेखालून वाकून आत गेली. मागून नवराही गेला, "सॉरी रे" म्हणत. दोघांनी पाळणा उचलून दारापर्यंत आणला. दाराची एकच फळी उघडी होती, पाळणा मावेना. दोघं थांबली. खाली गल्ली थांबली.

मास्तरांनी बघितलं. मग हात वर करून दुसऱ्या फळीची कडी काढली.

"माझी संमती नाही," ते म्हणाले. "पण तिरका धरा. पक्ष्याची चोच घासेल."

भर उन्हात, भर बाजारातून पाळणा गेला. टॅक्सीवाल्याच्या बायकोनं दार उघडलं, पाळणा पाहिला, आणि खालीच बसली. मग सासू बाहेर आली. तिनं सुनेला उठवलं, आणि कोपऱ्यातलं टेबल ओढून जागा केली.

बॅटरीवाल्या बाई गाडी घेऊन आल्या तेव्हा मोकळी जागा होती. त्या चिडल्या, आणि चिडायचा त्यांना हक्कच होता. दालन आखून झालं होतं, पत्रकं छापून झाली होती. त्या थेट टॅक्सीवाल्याच्या घरी गेल्या. पाळण्यात दुपटं घातलेलं होतं आणि ती पोर शेजारी बसून रिकामाच पाळणा डुलवत होती. बाई दारातूनच मागे फिरल्या.

"मला कळतं," जाताना त्या आत्याला म्हणाल्या. "पण मला पटत नाही."

"चालेल," आत्या म्हणाली. "कळलं हेच खूप झालं."

छपराचा खर्च अर्थातच गेला. कमिटीनं आत्याकडून किल्ल्या मागितल्या. तिनं जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "किल्ल्या घ्या. शब्द नाही मिळायचा." आणि ती घरी बसली. त्या दिवसांत नवऱ्याच्या शर्टांना इतकी इस्त्री झाली की तो म्हणायचा, "अगं, आता मला वाकता येईना."

मुलगी झाली. रडली, आणि असं रडली की टॅक्सीवाल्यानं आनंदानं रस्ताभर हॉर्न वाजवला.

तिकडे मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन उघडलं. मधल्या दालनात, अगदी समोर, बाईंनी ती जागा मोकळीच ठेवली. दुसरी वस्तू तिथे आणली नाही. फक्त एक पाटी लावली. पाळण्याचं नाव, मास्तरांच्या संग्रहालयाचं नाव, आणि खाली: 'सदर वस्तू सध्या वापरात असल्यामुळे उपलब्ध नाही.'

रागानं लावली की मनापासून, ते बाईंनाच माहीत. पण लोक त्या रिकाम्या जागेपाशी थांबू लागले. पाटी वाचायचे आणि हसायचे. "वापरात म्हणजे? खरंच बाळ आहे त्यात?" असं पहारेकऱ्याला विचारायचे. आणि मग विचारायचे, "हे संग्रहालय आहे कुठे?"

ती माणसं गल्लीत आली. बुटवाल्याला रस्ता विचारून विचारून भंडावून सोडलं. मास्तर एकटे सगळ्यांना सांगत फिरायचे. एक दिवस एका पाहुणीनं विचारलं, "पण तुम्ही इतकं मोठं आमंत्रण नाकारलंत? किती धैर्य!" मास्तर लाल झाले. लबाडी त्यांना जमलीच नाही कधी. "मी नाही हो," ते म्हणाले. "मी दारात उभा होतो, अडवायला." आणि खुर्चीवरून उठून तडक आत्याच्या घरी आले, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन.

आत्या म्हणाली, "कमिटीनं घेतल्यात. कमिटीला देऊ दे."

कमिटी पुन्हा बसली. आत्याच्या नवऱ्यानं या वेळी दोन्ही हात वर केले.

मुलगी बसती झाली आणि पाळणा परत आला, पण धड नाही. बाईंनी बोट ठेवलं होतं नेमकं तिथेच लाकूड फुटलं होतं. टॅक्सीवाल्याची बायको रडून रडून सांगत होती, "आत्या, मी फार जपलं हो." मास्तरांनी ती भेग बघितली आणि तोंड फिरवलं. आत्यालाही रात्री धड झोप लागली नाही. पण तिनं स्वतःच बाईंना फोन केला.

"फुटला. तुम्ही म्हणाला होतात."

पलीकडून बाई म्हणाल्या, "म्हणाले होते."

"तुमचं खरं झालं. पण मी पुन्हा तेच करीन, हेही सांगते. वापरलं की झिजतं. माणूसही झिजतो, म्हणून काय त्याला कपाटात ठेवतो का?"

बाई आल्या, सोबत त्यांचा कारागीर घेऊन. त्यानं लाकूड सांधलं, आणि सांधा लपवला नाही. काम संपलं तसं बाईंनी बॅटरी खिशात टाकली आणि घसा साफ केला.

"आता रिकामा आहे का हा? आमच्याकडे पाठवाल?"

मास्तरांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "आता रिकामा आहे, आनंदानं न्या. नाही कोण म्हणतंय? फक्त पुढचा शब्द बेकरीवालीच्या सुनेला दिलाय. तिला लागेपर्यंत तुमचा."

"म्हणजे कधीपर्यंत?"

"ते मी कसं सांगू? पोट तिचं आहे. तिला विचारा."

"मी विचारू?"

"मग काय मी? पाळणा तुम्हाला हवाय."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं, ते सोडवतील या आशेनं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "आमची उसन्याची पद्धत तशीच आहे, बाई."

बाई जिना उतरल्या. गल्लीच्या टोकाला बेकरी. पावाची वेळ होती आणि दारात ही रांग. त्यांनी आत डोकावून हाक मारायचा प्रयत्न केला, तर एक म्हातारी म्हणाली, "ओ ताई, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?"

वरच्या खिडकीतून आत्या बघत होती. बाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि मग जाऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.